सूचक, सौ. बाळाबाई पिराजी पोवार

१७ जानेवारी, शनिवार

आज कोल्हापूरला नवीन नगरसेविकांचं प्रशिक्षण होतं. पुण्याहून एक मॅडम आलत्या. प्रत्येकीनं उठून ओळख करून द्यायची होती. मी म्हटलं, "मी बाळाबाई पिराजी पोवार. एकोणीस वर्षं मंडईत भाजी विकतो." मॅडम हसून म्हणाल्या, "विकते म्हणा, ताई." मी म्हटलं, "आमच्यात बायका बी विकतोच म्हणत्यात. भाजी तीच असती." सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या, पण नंतर त्यांनी मला काही विचारलं नाही.

त्यांनी सांगितलं, सभागृहात काय झालं, काय कळलं नाही ते लिहून ठेवत जावा, वर्षभरात शहाण्या व्हाल. म्हणून ही वही. दहावी नापास बाईनं वर्षात शहाणं व्हायचं म्हणजे घाईच करायला पाहिजे. लिहिताना शाळेतल्यासारखं लिहायचं ठरवलंय, बघू किती दिवस टिकतंय.

मला उभं केलं ते आमच्या चिंचेखालच्या मंडईतल्या बायकांनी. त्रेसष्ट जणी बसतो आम्ही तिथं. वॉर्ड बायकांसाठी राखीव पडला, तेव्हा लिंबू-मिरची विकणारी झुंबरबाई, सत्तरी उलटलेली, माझ्या पाटीसमोर येऊन ओरडली, "बाळे, तू उभी ऱ्हा. आमची जागा कोण हलवायचं न्हाय एवढं बघ. दुसरं कायसुदिक मागत न्हाय." विजयसिंहदादांनी पॅनेलमध्ये घेतलं. एक्केचाळीस मतांनी आलो. दादा नगराध्यक्ष झाले.

१९ जानेवारी, सोमवार

मालक आज लेटरपॅड छापून घेऊन आले. वर माझा फोटो, खाली रबरी शिक्का. मी फोटो बघून म्हटलं, "ही बाई कोण? हिला भाजी उधार देऊ नका." मालक हसले. चार वर्षांत पहिल्यांदा असं मोकळं हसले. पूर्वी ट्रक चालवायचे, पार हुबळी-बेळगाव. पाठीचा मणका गेला आणि घरात बसले. माझ्या कमाईवर जेवायचं म्हणजे त्यांना जडच जायचं. आता बघावं तर इस्त्रीचा शर्ट, नगरसेविकेचे मालक म्हणून चौकात चहा.

रहिवासी असल्याचं पत्र मागायला माणसं सकाळी येतात आणि मी पहाटेपासून मंडईत. मालक म्हणाले, "पंचवीस पानांवर सह्या करून ठेव. माणसं आली की मी मजकूर भरून देतो. सगळे नगरसेवक तसंच करत्यात." केल्या. माझी सही म्हणजे बा, मग एक रेघ, मग पोवार. शेवटी शेवटी तर रेघसुद्धा वाकडी.

मोना कॉमर्सला आहे, जरा जास्तच शहाणी. म्हणाली, "आई, कोऱ्या कागदावर सही देत नसत्यात." मी म्हटलं, "तुझा बाप हाय की परका हाय?" मग तिनं पुस्तक उघडलं.

२९ जानेवारी, गुरुवार

पहिली सर्वसाधारण सभा. गरागरा फिरणारी खुर्ची मिळाली. बसल्याबसल्या एकदा फिरून घेतलं, कुणी बघितलं नाही.

विषयपत्रिकेवर बावीस विषय होते. सभा विभागाचा लिपिक शिवशरण, पोरगा तरुण आहे, एसटीचा कंडक्टर गावं सांगतो तसं वाचत होता. विषय वाचला की आमच्या पॅनेलचे बारा जण बाक वाजवणार, "मंजूर, मंजूर." मीही वाजवला. विरोधातले आठ जण. त्यांचे पुढारी अण्णाप्पा, लोखंडी सामानाचं दुकान आहे त्यांचं, मधेच उठून म्हणायचे, "अहो, जागा कुठली, काम काय, वाचून तरी दाखवा की." कोण ऐकतंय! पस्तीस मिनिटांत बावीस विषय उडाले.

मग ऐनवेळचे विषय. म्हणजे पत्रिकेवर नसलेले, अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी घ्यायचे. त्यातला पहिलाच शिवशरणनं वाचला, "सिटी सर्व्हे नंबर चारशे सतरा अ ही जागा खाजगी सहभागातून विकसित करणे. सूचक, सौ. बाळाबाई पिराजी पोवार." सूचक म्हणजे विषय मांडणारा. अख्ख्या सभागृहात माझं नाव! मी कधी मांडला हे मला आठवेना, पण दादांनी माझ्याकडं बघून हात जोडले. पॅनेलनं नव्या माणसाला मान दिला असेल असं वाटलं. मी सगळ्यांपेक्षा जोरात बाक वाजवला. तळहात अजून लाल आहे.

अण्णाप्पा तेवढे माझ्याकडं टक लावून बघत होते. जळतात, दुसरं काय. जागा विकसित होणार म्हणजे वाईट काय त्यात?

घरी येऊन मालकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोण काय बोललं का?" म्हटलं, न्हाय. मग पेढे आणले त्यांनी.

३१ जानेवारी, शनिवार

मालक सारखे दादांच्या बंगल्यावर असतात. मला बरं वाटतं, माणूस माणसात आलं. जेवताना विचारत होते, "तुला उन्हात किती वर्षं बसवू मी? शटरचं दुकान असलं, वर पंखा, मागं पाणी, तर कसं?" मी म्हटलं, "आणि गिऱ्हाईक कुठनं आणायचं? माझं गिऱ्हाईक चिंचंखाली येतंय, पंख्याखाली न्हाय." ते म्हणाले, "येतंय येतंय, सवय हुतीय लोकांना." स्वप्नं बघायला लागलाय माणूस. बघू दे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज मंडईत दोन माणसं टेप घेऊन आली आणि पांढऱ्या फक्कीनं रेघा मारायला लागली. एक रेघ थेट झुंबरबाईच्या मिरच्यांवरनं. तिनं त्याचा हातच धरला. "आरं मुडद्या, मिरची पांढरी केलीस, आता कोण घेणार तुझा बा?" तो म्हणाला, आम्ही नुसतं माप घेतोय, इथं तीन मजली बाजारसंकुल होणार, तुमाला हायवेकडच्या माळावर जागा देणार हायत.

माळावर! तिथं कुत्रं फिरकत नाही. मी पुढं झालो. म्हटलं, "मी नगरसेविका हाय. कुणी सांगितलं तुमाला?" त्यानं कागद काढून दाखवला. सिटी सर्व्हे नंबर चारशे सतरा अ. सूचक म्हणून माझं नाव.

आमच्या मंडईला नंबर आहे हे मला आज कळलं. एकोणीस वर्षं बसलो तिथं, कुणी कधी नंबर सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही.

सगळ्या बायका गोळा झाल्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. झुंबरबाईनं विचारलं, "बाळे, ह्ये तू केलंस?" मी म्हटलं, "मला काय बी म्हाईत न्हाय." ती म्हणाली, "तुझं नाव हाय की." मग मिरच्यांवरची फक्की झटकायला लागली. माझ्या शेजारी बारा वर्षं बसणारीनं आपली पाटी हातभर लांब सरकवली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नगरपालिकेत गेलतो. शिवशरण आधी फाईल दाखवेना. "बाई, साहेबांची परवानगी लागते." मी म्हटलं, "माझ्या नावानं ठराव हाय आणि मलाच परवानगी? आण फाईल, न्हायतर हितंच फतकल मारून बसतो." आणली.

माझंच लेटरपॅड. माझा फोटो. खाली माझी सही, ती रेघ वाकडी असलेली. मधे टाईप केलेला अर्ज, की सदर जागा पडीक व गैरसोयीची असून ती विकसित व्हावी अशी महिला विक्रेत्यांची मागणी आहे.

दादांच्या बंगल्यावर कुणीतरी मालकांच्या पिशवीतनं पान काढून घेतलं असणार. त्यांचा स्वभाव भोळा, पिशवी कुठंही ठेवतात. संध्याकाळी त्यांना विचारतो. त्यांनाही धक्का बसेल.

८ फेब्रुवारी, रविवार

काल लिहिलं नाही. वही उघडावी वाटली नाही.

मी विचारलं तेव्हा मालक चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या. मोना म्हणाली, "पप्पा, सांगा." तिला आधीच कळलं होतं. मला सोडून सगळ्या जगाला कळलं असणार.

त्यांनीच पान दिलं. दादांच्या माणसानं मजकूर टाईप केला, हे समोर बसलेले. बदल्यात नव्या संकुलात खालच्या मजल्यावर, रस्त्याच्या तोंडाला, दुकान नंबर चार. म्हणाले, "माझ्यासाठी न्हाय गं केलं. उन्हात बसून तुझे पाय सुजत्यात. मला रोज दिसतंय. मी काय करू शकतो सांग? गाडी चालवू शकत न्हाय, पोतं उचलू शकत न्हाय. एवढं एक जमत हुतं."

मी म्हटलं, "माझ्या पायासाठी बासष्ट बायकांचं पाय तोडलासा?" एवढ्या जोरात की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, कधी खोटं बोलले नाहीत. म्हणून तर सह्या केल्या मी. दुसऱ्या कुणी मागितल्या असत्या तर एक पान दिलं नसतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

अण्णाप्पांच्या दुकानात गेलो. दारातच थांबलो. शेवटी त्यांनीच खिळ्यांचा डबा बाजूला सरकवून खुर्ची दिली. "अक्का, मला वाटलेलं तुम्ही विकल्या गेलाय. बाक वाजवताना बघितलं तुम्हाला." मी म्हटलं, "कळलं न्हवतं हो मला." ते म्हणाले, "ते आता कळालं."

त्यांनी समजावून सांगितलं. दर सभेत पहिला विषय असतो, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. म्हणजे मागं काय झालं ते लिहिलेलं सगळ्यांनी मान्य करायचं. ते एकदा कायम झालं की ठराव पक्का. त्याआधी सूचकानं उठून सांगितलं की हा विषय माझा नाही, तर त्यावर मतदान मागता येतं. सव्वीस तारखेला सभा आहे.

"पण नुसतं माझा न्हाय म्हणून चालणार न्हाय," ते म्हणाले. "सही तुमची हाय. मजकूर कुणी घातला ते विचारणार. तिथं नाव घ्यावं लागंल." त्यांना माहीत होतं कुणाचं. नजर खाली घातली त्यांनी.

परत येताना मंडईच्या बाजूनं आलो नाही. लांबनं वळसा घालून आलो. माझ्याच मंडईला मी भ्यायला लागलो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

विजयसिंहदादा घरी आले. पहिल्यांदाच. मोनानं चहा केला, पण आणून आदळला.

दादा गोड बोलतात. "वैनी, बायकांचं मी बघतो. माळावर पत्र्याचं शेड घालून देतो. तुमी शांत बसा. एवढी सभा जाऊ द्या." मी म्हटलं, "आणि न्हाय बसलो तर?" चहाचा कप खाली ठेवला त्यांनी. "पॅनेलचा व्हिप निघणार हाय. विरोधात हात वर केलासा तर नगरसेवकपद जाईल. आणि सहीचं प्रकरण बाहेर काढलंसा तर पोलीस पिराजीरावला धरणार, मला न्हाय. पाठीचं दुखणं घेऊन माणूस कोठडीत कसा बसंल, बघा."

मालक दारात उभे होते. ऐकत होते. दादा गेल्यावर म्हणाले, "गप बस बाळा. हात जोडतो." माझ्यासमोर खरंच हात जोडले. मला त्यांची कीव आली आणि कीव आली याचाच संताप आला.

२२ फेब्रुवारी, रविवार

मंडईत गेलो. भाजी घेऊन बसलो. दुपारपर्यंत आमच्यातल्या एकीनंही माझ्याकडनं सुटे पैसे मागितले नाहीत. मी उठून झुंबरबाईकडं गेलो आणि खरं काय ते सगळं सांगितलं, मालकांसकट. म्हातारीनं मिरच्या निवडणं थांबवलं नाही. तशीच म्हणाली, "हितं सांगून काय उपेग? जिथं बाक वाजवलास तिथं सांग."

खरं आहे. पण रात्रंदिवस दुसरा विचार नाही डोक्यात. सांगितलं तर घर जातंय, नाही सांगितलं तर मंडई.

२६ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी

अकराला सभा. मालकांनी पोह्यांना हात लावला नाही. म्हणाले, "तू उठलीस तर मी बी उठणार. सांगणार, तिनं वाचूनच सही केली. मग तू खोटी पडशील. माझा नाइलाज हाय." नेसायला हिरवी साडी काढली आणि परत ठेवली. मंडईत नेसतो तीच नेसणार.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

लिहितो. आठवतंय तोवर लिहितो.

प्रेक्षकांच्या जागी मंडईतल्या पंधरा-वीस जणी होत्या. झुंबरबाई पुढं. मालक दाराजवळ.

शिवशरणनं सुरुवात केली, "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम कर..." पुरं व्हायच्या आत आमच्या पॅनेलनं बाक वाजवले. मंजूर, मंजूर. मी उठलो. "थांबा." माझा माईक बंद होता. कुणीतरी म्हणालं, बसा वैनी. एकोणीस वर्षं कोथिंबिरीच्या नावानं ओरडलेला गळा आहे हा, माईक कशाला पाहिजे? म्हटलं, "थांबा म्हटलं न्हवं!" सभागृह गप.

मी म्हटलं, "ऐनवेळचा पहिला विषय माझा न्हाय. सही माझी हाय, मजकूर माझा न्हाय. मी कोऱ्या पानावर सही करून दिलती. ती माझी चूक. चारशे सतरा म्हणजे आमची मंडई, हे मला म्हाईत न्हवतं आणि मी बाक वाजवला. ती दुसरी चूक. तिसरी करणार न्हाय."

गोंधळ झाला. अण्णाप्पा उठून म्हणाले, मतदान घ्या. दादांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं. हसत होते. "वैनी, आरोप मोठा हाय. कोरी पानं दिली कुणाला?"

मोनाचा चेहरा डोळ्यांपुढं आला. म्हटलं, "माझ्या मालकांना."

दादांना हेच पाहिजे होतं. "मग बरं झालं की, पिराजीराव हितंच हायत. सांगा हो पिराजीराव. वैनींनी वाचून सही केली का न्हाई?" मुख्याधिकारी म्हणाले, बाहेरच्या माणसाला बोलता येत नाही. दादा म्हणाले, माझी परवानगी आहे.

मालक दोन पावलं पुढं आले. माझ्याकडं बघितलं नाही. दादांकडं बघत होते. मला माहीत होतं ते काय सांगणार. प्रेक्षकांतनं कुणाची तरी बांगडी वाजली, तेवढाच आवाज.

"न्हाई," ते म्हणाले.

दादा म्हणाले, "काय न्हाई?"

"तिनं वाचलं न्हाई. पान कोरं हुतं. मजकूर तुमच्या बंगल्यावर टाईप झाला. मी समोर बसलोतो."

पुढचं मला तुटक तुटक आठवतंय. आरडाओरडा, दादा लाल झालेले, अण्णाप्पा मतदान मतदान म्हणत बाक आपटतायत. शेवटी हात वर करून मतदान झालं. विरोधातले आठ, नववी मी. मग आमच्याच पॅनेलच्या संयोगिताताईंनी हात वर केला. शेजारच्या शिवांजलीनं त्यांच्याकडं बघितलं, व्हिपचा कागद पर्समध्ये घातला आणि तिनंही केला. अकरा. दादांना धरून पलीकडं दहा. ठराव इतिवृत्तातनं वगळला.

बायकांनी बाहेर मला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, वजन आहे माझं. झुंबरबाईनं नुसता गालावर हात फिरवला. मी दाराकडं बघितलं तर मालक गेलते.

घरी आलो तेव्हा ते अंगणात बसले होते. मी विचारलं, "सकाळी तर म्हणालासा, मला खोटी पाडणार." ते म्हणाले, "म्हणालतो. तू सगळ्यांम्होरं तुझी चूक सांगितलीस. मग मला ते बोलायला आलंच न्हाय."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. म्हणाले, संकुल बांधणारा ठेकेदार कोर्टात जाणार. ठराव वगळल्याचं टिकवायचं असेल तर मजकूर परस्पर घातल्याची लेखी तक्रार पाहिजे, तुमच्या हातची, नावानिशी. तोंडी सांगितलेलं उद्या फिरवता येतं. व्हिपचं दादा काय करतील ते वेगळंच. पद राहील की जाईल, माहीत नाही. गेलं तर पाटी आहेच.

दुपारी लिहायला बसलो. "माझे पती" एवढं लिहिलं आणि हात पुढं चालेना. मालक समोर येऊन बसले. म्हणाले, "लिव. पिराजी ज्ञानू पोवार. वय त्रेपन्न."

मी म्हटलं, "चुकून झालं असं लिवतो. समजुतीत घोटाळा झाला असं लिवतो."

"चुकून न्हवतं. दुकानासाठी केलं. तसंच लिव. न्हायतर दादाचा वकील कोर्टात तुलाच खोटी ठरवंल, आणि मंडई जाईल ती जाईलच."

मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. तारीख, कुणासमोर, कोण टाईप करत होतं, दुकानाचा नंबर. स्वतःविरुद्धची तक्रार त्यांनी एक शब्द न गाळता सांगितली. मधे एकदा पाठ अवघडली म्हणून उठून उभे राहिले, तेवढंच. मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी माया येत होती, की मी मानच वर केली नाही. लिहून झालं, मोठ्यानं वाचून दाखवलं. मोना स्वयंपाकघरात रडत होती.

संध्याकाळी तक्रार पोलीस ठाण्यात देऊन आलो. गुरुवारी दहा वाजता तिथं दोघांनाही जबाबाला बोलावलंय. फिर्यादी मी, आरोपी ते. मालक म्हणाले, "दोन रिक्षा कशाला? एकातच जाऊ." मी बरं म्हटलं.